गुडमॉर्निंगबाईंचं सॉरी

आमच्या जिन्यात तिला सगळे गुडमॉर्निंगबाई म्हणतात. हे नाव तळमजल्यावरच्या शिंप्याने ठेवलं. हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत सकाळी जिना उतरताना दिसेल त्याला ती गुड मॉर्निंग घालू लागली. शिंपी म्हणायचा, "अहो बाई, अजून चहा नाही पोटात, एवढ्यात कसली गुड?" ती हसून पुढे जायची. तिला सरावाला माणूस हवा होता, एवढंच.

शाळा तिची लहानपणीच सुटली होती. इंग्रजी शिकली ती बिछाने घालता घालता. पिलो, बेडशीट, हँगर हे आधी हातात आले, मग तोंडात. "हाताने उचललेला शब्द विसरत नाही हो, वहिनी," असं ती मला सांगायची. संध्याकाळी माझ्याकडे भाजी निवडायला बसली की त्या दिवशीचं शिक्षण निघायचं. "गेस्टने ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हटलं ना, की समजायचं, पुढे तक्रार येतेय. आणि ‘जस्ट वन मिनिट’ म्हणून दार लावलं, की ट्रॉली घेऊन खुशाल दुसऱ्या खोलीकडे वळायचं. ते दार काही आता उघडत नाही."

तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. त्याला या इंग्रजीची भारी गंमत वाटायची. जेवायला बसला की ताट पुढे करून म्हणायचा, "एक्स्ट्रा भात, प्लीज." तीही लगेच कमरेत वाकून म्हणायची, "शुवर सर!" मुलगी कपाळाला हात लावायची. "आई, ‘शुअर’ म्हण. ‘शुवर’ नाही."

हॉटेलातल्या मॅनेजरने सगळ्या बायकांकडून पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोटून घेतली होती. गेस्ट नाराज दिसला की आधी सॉरी, मग बाकीचं. नळ गळतोय, सॉरी. बाहेर ऊन फार आहे, सॉरी. गेस्टने स्वतःच्या हाताने कॉफी गादीवर सांडली, तरी सॉरी आपणच म्हणायचं. ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स’ हे लांबलचक वाक्य ती एका दमात म्हणायला शिकली तेव्हा मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. आणि गेस्टने सॉरी म्हटलं तर? असं क्वचितच व्हायचं, पण त्याचंही उत्तर ठरलेलं होतं. नो प्रॉब्लेम, सर.

तिच्या मजल्यावर सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती, आणि ती जागा तिला हवी होती. मानासाठी कमी, गुडघ्यांसाठी जास्त. पलंगाखाली वाकून वाकून तिचे गुडघे आताशा जिना चढताना कुरकुरायला लागले होते. सुपरवायझर वाकत नाही, वाकलेल्यांच्या मागून चालते. मॅनेजर तिला म्हणाला होता, "बाई, तुमचं काम चोख आहे. फक्त गेस्टशी नीट बोलता आलं पाहिजे." मग काय, बाईंनी इंग्रजीचा ध्यासच घेतला.

आणि तेवढ्यात ते कानातलं हरवलं.

एका गेस्टबाईचं होतं. टेबलावर ठेवलं होतं, खोली आवरून झाल्यावर दिसेना. मॅनेजर तिला घेऊन त्या खोलीत गेला. गेस्टबाई भराभर बोलत होती, पण आमच्या बाईंना सगळं कळलं. टेबल कळलं, मॉर्निंग कळली, शेवटी बोट रोखून विचारलेलं ‘डिड यू टेक इट?’ तर लख्ख कळलं.

"मला म्हणायचं होतं, मी नाही घेतलं," ती नंतर मला म्हणाली. "एवढंच. पण वहिनी, डोक्यात शोधते तर ते वाक्यच नाही. टॉवेल आहे, साबण आहे, थँक्यू आहे. ‘नाही’ म्हणायला मला तिथे कधी कोणी लावलंच नव्हतं."

समोर गेस्ट चिडलेली. तोंडाला जी सवय होती ते बाहेर आलं. "सॉरी, मॅडम. सो सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स."

गेस्टबाईने मॅनेजरकडे वळून हात पसरले. घ्या, कबूल झाली की!

तिला चूक कळली. घाबरून ती आपल्या भाषेत म्हणाली, "साहेब, देवाशपथ, मी हातसुद्धा लावला नाही. सांगा ना त्यांना."

"गेस्टसमोर इंग्रजीत बोला," मॅनेजर हळूच म्हणाला. "बाकीचं बाहेर बघू."

सॉरी कशाचं असतं हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यानेच शिकवलेलं. पण तो गेस्टबाईकडे वळला आणि स्वतःही सॉरीच म्हणाला. बाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

जिन्यात बातमी पोचायला वेळ लागत नाही. शिंप्याने गुड मॉर्निंगची चेष्टा थांबवली, आणि तेच तिला जास्त लागलं. नवरा घरात आपटाआपट करत होता. "आणखी शीक इंग्रजी! चोर ठरवून घेतलंस स्वतःला, तेही फाडफाड!"

मुलीने मात्र आईला समोर बसवलं. "आई, म्हण. आय डिड नॉट टेक इट."

माझं स्वयंपाकघर त्यांच्या मोरीला लागून आहे. भांड्यांच्या आवाजातून ते वाक्य मला रोज ऐकू यायचं. आय डिड नॉट. पातेलं आपटायचं. टेक इट. बोलायला समोर नळाशिवाय कोणी नाही, पण वाक्य अगदी स्वच्छ यायला लागलं होतं.

मग हॉटेलातून बोलावणं आलं. कानातलं सापडलं होतं. गेस्टबाईच्याच स्वेटरला अडकून ते तिच्या घरी गेलं होतं. तिने मेल पाठवली होती. मॅनेजरने ती वाचून दाखवली. सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "सॉरी हं, बाई. उद्यापासून या. सुपरवायझरच्या जागी मात्र एक मुलगी घेतलीय. तिचं इंग्रजी चांगलं आहे."

ती परतली तेव्हा मी जिन्यातच होते. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत वर येत होती. सगळं सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"वाटभर ते वाक्य घोकत गेले होते हो. म्हटलं, आता उपयोग नसला तरी एकदा त्याच्या तोंडावर म्हणायचंच. तोंड उघडलं..." तिने पदराने मान पुसली. "नो प्रॉब्लेम, सर. हेच आलं. ते मी नाही म्हटलं, वहिनी. माझं तोंड म्हणालं."

वरचं दार उघडलं. मुलगी वाट बघत उभी होती.

"आई, म्हटलंस ना?"

"म्हटलं की."

"मग? काय म्हणाले?"

"सॉरी म्हणाले," असं सांगून ती गुडघा दाबत आत गेली.