मिस अर्नेटांची रिकामी ओळ

ट्रेंटनच्या एका छोट्या विटांच्या चर्चमध्ये मिस अर्नेटा पिटमन बासष्ट वर्षं गायल्या. तिथं जुनी पद्धत अशी की पुढे उभी असलेली बाई स्तोत्राची एक ओळ म्हणते, थांबते, आणि मंडळी तीच ओळ लांबवत परत गातात. अर्नेटांची ओळ सगळ्यांच्या आधी उचलायची ती त्यांची धाकटी बहीण, ओडेल. अर्नेटा एकवीस वर्षांच्या असताना ओडेल नदीत बुडाली.

त्यानंतर अर्नेटा एकट्या गायल्या तरी ओळ संपली की थांबायच्या. एकाहत्तर साली फिलाडेल्फियाच्या एका कंपनीनं त्यांची सोल, म्हणजे चर्चच्या गायकीतून आलेल्या ढंगाची, गाणी रेकॉर्ड केली. निर्मात्यानं मधल्या रिकाम्या जागा कात्रीनं कापून टेप जोडली. अर्नेटांनी ती ऐकली आणि रेकॉर्ड बाजारात जाऊ दिली नाही. ‘आवाज सोन्यासारखा, पण बाई ताल सोडते,’ असं सगळीकडे पसरलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढची एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या कँटीनमध्ये जेवण वाढलं.

या वसंतात त्यांच्या घशात गाठ निघाली. गुरुवारी ऑपरेशन होतं आणि आवाज परत येईल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. निदान एक स्तोत्र रिकाम्या जागांसकट राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

जवळच्या वेस्ट विंडसरला श्रवणयंत्रांच्या कंपनीत काम करणारा शंतनू चर्चची ध्वनियंत्रणा सांभाळायचा. रविवारी प्रार्थनेनंतर त्यानं रेकॉर्डिंग केलं. रोजच्या सवयीनं त्यानं मशीनवर एक सेटिंग लावलं होतं: ठरावीक पातळीखालचा आवाज खरखर समजून नोंदवायचाच नाही.

मिस अर्नेटांनी हेडफोन लावले. पहिली ओळ संपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पोरा, तू तिला बाहेर काढलंस.”

“कुणाला, मिस अर्नेटा? तिथं नुसती शांतता होती.”

“इंजिनिअर ना तू? मग शांतता कशी असते ते तरी शिकून ये.”

“सॉरी. बुधवारी परत करू. काहीही काढणार नाही.”

“त्या कात्रीवाल्यानं सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि हसताना खोकल्या.

बुधवारी दुपारी चर्चमध्ये दोघंच होते. हीटर बंद, दारं बंद. शंतनूनं ते सेटिंग काढलं. मिस अर्नेटांनी पहिली ओळ गायली आणि त्या थांबल्या. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मशीनवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा मात्र सावकाश वर गेला, एका ओळीइतका वेळ थरथरला आणि खाली आला. दुसऱ्या ओळीनंतर तेच. शंतनूनं माइकची वायर हातानं चाचपली. वायर ठीक होती.

चौथ्या ओळीला त्यांचा आवाज अडकला. तोंड उघडं, पण सूर नाही. शंतनूचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. त्यांनी नुसती मान हलवली: नको.

मग काटा आपणहून वर गेला. या वेळी त्यांनी ओळ म्हणण्याआधीच. मिस अर्नेटा डोळे मिटून, डोकं जरासं कलतं करून ऐकत राहिल्या. काटा खाली आल्यावर त्यांनी उरल्यासुरल्या घोगऱ्या आवाजात तीच ओळ मागून म्हटली. शेवटच्या ओळीपर्यंत असंच चाललं.

शंतनूनं मशीन बंद केलं.

“रेकॉर्डिंगवर नाव कुणाचं टाकू?” त्यानं विचारलं.

“दोघींचं,” त्या कुजबुजल्या. “तिचं वर.”