हिंदीतली शिक्षा मारत नाही

पहिलीत माझं नाव घातलं त्याच दिवशी मी शाळेतून पळून आले होते. हिंदी मुलखाच्या सीमेवरच्या पांढुर्ण्यात आमच्या घरी मराठी आणि शाळेत हिंदी. प्रार्थना झाल्यावर बडे गुरुजी आम्हा नव्या पोरांसमोर उभे राहिले आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "यहाँ तुम सबको अच्छी शिक्षा मिलेगी." मला मराठीतली एकच शिक्षा ठाऊक होती. काही केलं नाही, सवरलं नाही, अन् पहिल्याच दिवशी शिक्षा, तीही अच्छी! दप्तर तिथंच टाकून मी घराकडे धूम ठोकली.

दादा तेव्हा तिसरीत होता. तो वर्गातून उठून माझ्यामागे धावत आला आणि बाजाराजवळ त्यानं मला गाठलं. धापा टाकत म्हणाला, "अवं बाई, कायले पळून राहिली? ते हिंदीतली शिक्षा हाये. हिंदीतली मारत नाई. मराठीतली मारते." मग माझं नाक स्वतःच्या सदऱ्यानं पुसलं आणि हात धरून मला परत नेलं. ही गोष्ट आम्ही घरी कुणाला सांगितली नाही. माझं हसं होईल म्हणून त्यानंच सांगू दिली नाही.

शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे मला नंतर कळलं, आणि पुढं आम्हाला असे दुतोंडी शब्द गोळा करायचा नादच लागला. यातायात म्हणजे हिंदीत वाहतूक; पण यातायात पोलीस म्हणजे दिवसभर उन्हात यातायात करणारा पोलीस, असं दादा म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा. शाळेत बाई म्हणाल्या "चेष्टा करो" की आम्ही दोघं दोन वेगळ्या वर्गांत बसून एकाच वेळी हसत असणार, अशी माझी खात्री असायची. लग्न होऊन मी सौंसरला आले, शिक्षिका झाले, तेव्हा त्याचा फोन आला. "लाग आता कामाले. दोन्ही शिक्षा दे."

वाद घालायची खुमखुमी आमच्या रक्तातच आहे. वडिलांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सरकारं पडायची आणि उभी राहायची. दादा तावातावानं भांडायचा, आवाज पार चौकापर्यंत. पण समोरच्याचं म्हणणं पटलं की दोन्ही हात वर करायचा, "हारलो बापा! चाय माझ्याकडून." हरल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आईचं माहेर नदीपलीकडचं, सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांची गोटमार असते, तेव्हा आमच्या काठावरून आणि तिच्या काठावरून एकमेकांवर दगड यायचे, तिचा जीव दिवसभर टांगणीला. पण संध्याकाळी नदीच्या मधोमध रोवलेला झेंडा निघाला की दगड थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी मामा डोक्याला पट्टी बांधून आमच्याकडे चहाला. मला ती गोटमार कधी आवडली नाही. तरी तिला संध्याकाळ होती, एवढं मान्य करावं लागेल.

फोनवरच्या भांडणाला संध्याकाळच नसते. दोन्ही गावच्या नातेवाइकांचा आणि जुन्या सोबत्यांचा आमचा एक ग्रुप आहे, आणि दादा त्याचा कर्ताधर्ता. सुरुवातीला लग्नपत्रिका, सुप्रभात, गुलाबाची फुलं असं चालायचं. मग निवडणूक आली, आणि ती गेली तरी भांडण राहिलं. दादा तिथं ज्या तऱ्हेनं बोलायला लागला ती पाहून मला वाटायचं, फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. रस्त्यावरच्या खड्ड्याचं कुणी लिहिलं की याचं उत्तर तयार, "तेव्हा कुठे होता?" तेव्हा म्हणजे केव्हा, ते कधीच सांगायचं नाही. मग "पुरावा?" बातमी दाखवली की ते वर्तमानपत्र विकलं गेलेलं. दुसऱ्या वर्तमानपत्रातली दाखवली की "म्हणजे तुम्हाला आपला देश नको आहे का?" आता खड्डा राहिला बाजूला, माणूस बिचारा देश हवा आहे हे सिद्ध करत बसतो. तो थकून गप्प झाला की दादा एक हसणारं पिवळं तोंड टाकायचा आणि विजयी व्हायचा. आमचे हे म्हणायचे, "तू कशाला वाचतेस?" अहो, माझा भाऊ आहे म्हणून वाचते. त्याचे वर झालेले हात शोधत वाचते.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या तालुक्यातल्या एका लहान गावची प्राथमिक शाळा बंद झाली आणि पोरांना पलीकडच्या गावी जायला सांगितलं. त्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं होतं. मधे एक नाला लागतो. कोरडा असला तर काही नाही, भरला तर मोठ्या माणसाच्याही कमरेपर्यंत. गावच्या आयांनी अर्ज दिला, मीही त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. आणि ग्रुपवर लिहिलं, "ह्या निर्णयानं लहान पोरांना शिक्षा मिळते आहे. रोज जीव मुठीत धरून नाला ओलांडायची शिक्षा." दोनच वाक्यं. मी काही लेखिका नाही, पण ती वाक्यं मला बरी जमली असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझं पहिलं वाक्य तालुकाभर फिरत होतं. फक्त पहिलं. दुसरं कापून टाकलेलं. माझ्या नावासकट, फोटोसकट, आणि वर हिंदीत ओळी, "मेरी अपनी बहन, जो उसी स्कूल में टीचर रही है, लिख रही है कि इस निर्णय से बच्चों को शिक्षा मिल रही है. विरोध करने वाले पढ़ लें." पाठवणाऱ्याचं नाव पाहायची गरजच नव्हती.

तरी मी पाहिलं. मग खाली बसले. आधी संताप आला, असा की कान तापले. मग मला तो बाजार आठवला, आणि धापा टाकणारा तिसरीतला मुलगा. या अख्ख्या जगात एकाच माणसाला माहीत होतं की या शब्दाला मी एकदा फसले होते, आणि त्याच माणसानं तोच शब्द उचलला होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. इथं मला नुसतं रडू आलं.

त्या गावातल्या एका पोरीच्या आईचा फोन आला. "मॅडम, तुमी तं आमच्या संगं होत्या ना?" मी तिला सगळं समजावून सांगितलं, दुसरं वाक्य वाचून दाखवलं. ती "हो, हो" म्हणाली. पण पुढच्या वेळी त्या कचेरीत गेल्या तेव्हा मला बोलावलं नाही.

मी बस पकडून पांढुर्ण्याला गेले. दादा नेहमीसारखा स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. घरी वहिनींनी चहा ठेवला. त्यानं संत्रं सोललं, फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढले आणि फोडी माझ्यासमोर मांडल्या. लहानपणापासून तो मला असंच संत्रं देतो. त्या फोडी पाहून मला वाटलं, काही बिघडलेलं नाही, आता विचारलं की संपेल.

"दादा, म्या कोणती शिक्षा लिवली होती, ते तुले माहीत होतं ना?"

"तुमच्या लोकायचं सरकार होतं, त्यायनं शाळा बंद केल्या, तवा तू कुठं होती?"

"माझे लोक कोण? मी तुझी बहीण हाये."

"म्या एक अक्षर जोडलं असन तं दाखव. शब्द तुझेच हायेत."

"जोडलं नाई. कापलं."

"लोकायनं जे समजायचं ते समजलं. त्याले म्या काय करू?"

"लोकायचं सोड. मी एकच इचारून राहिली. माहीत होतं का नाई?"

वहिनी कप उचलून आत गेल्या. दादाचे हात मांडीवर होते, आणि मी त्या हातांकडेच पाहत होते. एकदा वर कर रे. चहा मी पाजते. मनातल्या मनात मी त्याला विनवत होते, आणि खरं सांगते, ते हात थोडे हललेही. पण त्यानं ते गुडघ्यावर ठेवले आणि हसला. ते ओट्यावरचं हसू नव्हतं, फोनमधल्या पिवळ्या तोंडाचं होतं.

"अवं बाई, चेष्टा केली थोडी. इतकं काय मनाले लावून घेते?"

चेष्टा! आमच्याच पोतडीतला शब्द. मी एवढ्या दूर हिंदीतली चेष्टा करायला आले होते, त्यानं मराठीतली केली. हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण क्षणभर त्यानं नजर वळवली. पूर्वीचे दिवस असते तर यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. मी एक फोड उचलून तोंडात टाकली. ती गोड होती.

परतीला तो स्टँडवर आला. गर्दी होती, तर खिडकीतून रुमाल टाकून त्यानं माझ्यासाठी जागा धरली. कंडक्टरला बजावलं, "सौंसरले नीट उतरवजा." बस हलेपर्यंत उन्हात उभा राहिला. माझ्यावर त्याची माया नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. माया नसती तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले तोवर दिवेलागण झाली होती. चपला काढते आहे तेवढ्यात फोन वाजला. त्याचा निरोप, "पोचली का?"

मी लिहायला घेतलं, "पोचले दादा, पण तू आज मला," आणि बोट थांबलं. हे कुठून कापता येईल, ते मला दिसायला लागलं. "पोचले दादा" एवढं ठेवलं, मग "दादा"ही खोडलं. उरलेला शब्द हिंदीत वाचून पाहिला, मराठीत वाचून पाहिला. त्यातून कुणाला दुसरं काही काढता येणार नाही अशी खात्री झाली, तेव्हा भावाला पाठवला.