जावांनी शिवलेलं विमान

माझ्या काकूला विमान दिसायच्या आधी ऐकू येतं. आपण जेवायला बसलेलो असतो, ती घास हातात धरून थांबते, मान जरा तिरकी करते आणि म्हणते, "दोन इंजिनं आहेत. एक खोकतंय." मग बऱ्याच वेळाने आपल्याला घरघर ऐकू येते. खोकतंय की नाही ते आपल्याला काही कळत नाही, पण काकूशी वाद घालायचा नाही एवढं आमच्या घरात सगळ्यांना कळतं. एक माझी आई सोडून.

पोटापाण्यासाठी काकू पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. बाकी सगळा जीव जुन्या लढाऊ विमानांत. शहराबाहेरच्या विमानतळावर दरवर्षी एअर शो भरतो, त्याला ती फाटक उघडायच्या आधी जाऊन उभी. डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण. घडीची खुर्ची आणि थर्मास काकांच्या काखेत. काका कानात कापूस घालून, तोंडावर वर्तमानपत्र पसरून झकास झोपतात. काकूच्या कानाला कापसाचा स्पर्श चालत नाही. नवी जेट विमानं आली की ती नाक मुरडते. "नुसती किंचाळतात मेली." एखादं म्हातारं, पंखा फिरवत येणारं विमान आलं की मात्र खुर्चीवर उभी राहते. मागच्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी खाली बसत नाही. मला स्वतःला विमानात मळमळतं, आणि दिवसभर मान अवघडून घेण्यात काय सुख आहे ते मला कधी कळलं नाही. पण त्या खुर्चीवर उभ्या असलेल्या काकूचा चेहरा पाहिला की हेवा वाटतो. असं काहीतरी आपल्यालाही असायला हवं होतं, असं वाटतं.

काकू आणि आई सख्ख्या जावा. घर एकच, आम्ही खाली, काका-काकू वर. एके काळी दोघींचं मिळून शिलाईचं दुकान होतं आणि हात असे जमलेले, की कुठला टाका कुणाचा ते गिऱ्हाईकाला ओळखू येत नसे. मग एका वर्षी शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली, आणि ती पोचती करायच्या नेमक्या आदल्या दिवशी एअर शो. काकूने सकाळी कात्री खाली ठेवली, हॅट घातली आणि गेली. आई एकटी ढिगाऱ्यात बसून बटणं लावत राहिली. संध्याकाळी काकू आली ती उन्हाने लाल झालेली, गालात हसू मावत नव्हतं. ते हसू पाहूनच आईचं डोकं फिरलं.

"ती पत्र्याची खेळणी एवढी प्यारी आहेत तर तिथेच राहायचं होतंस!"

"खेळणी म्हणू नका, जाऊबाई."

"खेळणी," आई म्हणाली. "खेळणी, खेळणी, खेळणी."

दुसऱ्या दिवशी काकूने आपलं मशीन उचलून वर नेलं. तेव्हा मी शाळेत होते. पुढे माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी या दोघी बोलत नव्हत्या. सगळे निरोप माझ्यामार्फत. "सांग तुझ्या काकूला, गच्चीतले कपडे काढ म्हणावं." आणि काकू हाताच्या अंतरावर उभी असायची! दोघे भाऊ मात्र रोज जिन्यात बसून पत्ते खेळायचे. बायकांच्या भांडणात पडण्याएवढे ते खुळे नव्हते.

विमानतळाच्या टोकाला एक पत्र्याची शेड आहे. तिथे जुनी लष्करी विमानं जपणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमतात, गंज घासतात, तेल घालतात आणि भरपूर गप्पा हाणतात. काकू तिथे जायला लागली. मंडळींचा म्होरक्या म्हणजे एक निवृत्त वैमानिक. सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्यांचा जीव की प्राण असलेलं विमान होतं दोन माणसांचं, एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं. पूर्वी सैन्यातली पोरं याच जातीच्या विमानावर उडायला शिकत. इंजिन सुरू व्हायचं, चाकं फिरायची, पण पंखांची नुसती हाडं होती. या विमानाचे पंख पत्र्याचे नसतात. लाकडाच्या बरगड्या आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. हो, कापड. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं.

हे पंख शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची नजर गेली होती आणि काम अडलं होतं. शेवटी मंडळींनी ठरवलं, यंदाच्या एअर शोपर्यंत हे उडालं नाही तर संग्रहालयाला देऊन टाकायचं. संग्रहालयवाले ते मोठ्या दालनात छताला तारांनी टांगणार होते. तिथे गेलेलं विमान पुन्हा उडत नाही.

काकूचा पारा चढला. "विमान आहे की झुंबर? पंख मी शिवते."

त्या कारागिराच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, ती तो टाका शिकली. टाका अवघड नव्हता, अडचण वेगळीच होती. पंख उभा करून ठेवतात. एक माणूस अलीकडे बसतो, दुसरा पलीकडे. अलीकडच्याने हातभर लांब सुई बरगडीच्या एका अंगाने आरपार घालायची, पलीकडच्याने ती ओढून घेऊन बरगडीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. म्हणजे दोरा लाकडाला मिठी मारतो आणि कापड हवेत उचललं जात नाही. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसते ती फक्त सुई. आणि दोघांची ओढ सारखी हवी. एक ढिला, एक घट्ट असं चालत नाही.

काकूने आधी काकांना पलीकडे बसवलं. थोड्या वेळाने सुई परत यायची थांबली. जाऊन पाहिलं तर काका सुई हातात धरून घोरत होते. मग कप्तान बसला. त्याचा हात असा आडदांड, की दोन टाक्यांत दोरा तटकन तुटला. एअर शो जवळ येत चालला होता, आणि काकूचं जेवण कमी झालं होतं.

एका सकाळी तिने मला वर बोलावलं आणि एक लाकडी पट्टी दिली. तिच्यावर कापड ताणून तिने आणि काकांनी शिवलेले टाके होते. "तुझ्या आईला दाखव. काय म्हणते ते सांग." बस, एवढंच. विनवणी नाही, काही नाही.

आईने चष्मा लावला. पट्टी उलटसुलट केली, अंगठ्याने कापड दाबलं. कपाळावर आठ्या चढल्या.

"ही वरची बाजू तिची," आई म्हणाली. "खालची कोणत्या गाढवाची?"

"काकांची."

"ओढच नाही याला. उशीचा अभ्रासुद्धा कुणी असा शिवत नाही." पट्टी तिने टेबलावर आपटली. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा ती पट्टी हातात घेतली. "असलं शिवून माणसाला वर पाठवणार? डोकं ठिकाणावर आहे का त्या बाईचं? कुठे आहे ती शेड?"

माझी आई असा बिघडलेला टाका पाहून स्वस्थ बसूच शकत नाही. हे काकूला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून काकूच्या बुद्धीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो वेगळाच.

आई शेडमध्ये आली, कुणाकडे न बघता पंखाच्या पलीकडे जाऊन बसली. माझं काम दोऱ्याला मेण लावायचं. काकूने सुई घातली. ती पलीकडून लगेच परत आली. काकूने गाठ मारली, दोरा ओढला, आणि तिच्या तोंडून नुसता "हं" असा आवाज आला. ओढ बरोब्बर होती. सुई जाऊ लागली, येऊ लागली. तोंडाला मात्र दोघींच्या कुलूप. थांबायचं असलं की लाकडावर टकटक करायच्या. मी दोन्हीकडून वैतागले होते, पण एक एक बरगडी झपाझप उरकत होती.

वरचे पंख झाले. खालचा शेवटचा पंख चालू असताना आई पलीकडून एकदम बोलली. इतक्या वर्षांनी सरळ काकूला पहिलं वाक्य, आणि तेही काय?

"त्या दिवशी निदान बटणं तरी लावून जायचं होतंस."

सुई थांबली नाही. काकू म्हणाली, "मी महिनाभर आधी सांगितलं होतं की त्या दिवशी मी नाही."

"सांगितलं असशील भिंतीला."

"तुम्हालाच सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या! टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय करणार?"

मग जी जुंपली! शब्दाने शब्द वाढत गेला. गणवेश, बटणं, खेळणी, गच्चीतले कपडे, माझ्या लग्नात कोण कुठे उभं राहिलं, सगळं निघालं. तोंडं चालू आणि हातही चालू. कप्तान हळूच शेडबाहेर जाऊन उभा राहिला. एवढी विमानं पाहिलेला माणूस, पण त्याची पाचावर धारण बसली होती.

दम लागल्यावर दोघी थांबल्या. आई उठली, पंखाला वळसा घालून अलीकडे आली आणि सवयीने तळवा कापडावरून फिरवला. हात मध्येच अडला. तिने चिमटीने कापड उचललं. ते बरगडीपासून सुटून वर आलं.

तिघींनी वाकून पाहिलं. भांडणाच्या भरात आईने सुई बरगडीच्या ज्या अंगाने आली त्याच अंगाने परत पाठवली होती, आणि काकूने ती तिथूनच घेऊन वर सुबक गाठी मारल्या होत्या. ओळच्या ओळ. दोऱ्याने लाकूड धरलंच नव्हतं. वर हवेत हे कापड फुग्यासारखं फुगलं असतं आणि फाटलं असतं.

काकू पांढरीफटक पडली. "यात कप्तान बसणार होता," ती म्हणाली.

"मी पाठवली चुकीची," आई म्हणाली.

"मी घेतली ना पण. मला दिसत नव्हतं होय?"

आयुष्यात पहिल्यांदा दोघींच्या हातून अशी चूक झाली होती, की जिचं खापर एकीला दुसरीच्या माथी फोडता येत नव्हतं. आईने चष्मा काढला. मला वाटलं आता रडते. पण ती हसली, आणि मग काकू हसली, आणि दोघी त्या विमानाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला राग आला. इतकी वर्षं मी निरोप्या झाले ते कशासाठी?

ओळ उसवली. भोकांवर ठिगळं बसवली. आई परत पलीकडे गेली आणि म्हणाली, "सुई पाठव, आणि बघून घे." आता दोघी अखंड बोलत होत्या, मधल्या वर्षांतलं एकमेकींना सांगायचं राहिलेलं काय थोडं होतं? पण प्रत्येक टाक्याला एक म्हणायची "डावीकडून", दुसरी म्हणायची "उजवीकडून", आणि मगच दोरा ओढला जायचा. मग टाक्यांवर कापडी पट्ट्या चढल्या, त्यावर उग्र वासाच्या रोगणाचे हात बसले, आणि कापड ढोलासारखं ताठ झालं.

विमान उडवायची परवानगी देणारा तपासनीस आला. त्याने बोटाने ठोकलं, अंगठ्याने दाबलं, पंखातल्या छोट्या झरोक्यांतून बॅटरी मारून आत पाहिलं. काकू त्याच्या मागे मागे. आई खुर्चीवर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. उडवा." आमचा जीव भांड्यात पडला. आधी कप्तानने एकट्याने उडवून पाहिलं, हसत उतरला आणि त्याने मंडळींची जुनी रीत सांगितली: ज्याने पंख शिवले, पहिला सोबती तोच. कापडावर विश्वास असेल तर बसून दाखव.

सोबत्याची जागा एकच. मला वाटलं, आता एकमेकींना "तू जा, तुम्ही जा" सुरू होणार. छे! काकूने हॅट माझ्या हातात कोंबली. "मी जाणार. मला कुणी विचारू नका."

"तुला कोण विचारतंय? जा," आई म्हणाली.

एअर शोची सुरुवातच त्या विमानाने झाली. पंखा फिरला, इंजिन धडधडलं, गवतावरून उड्या मारत ते धावलं आणि चाकं सुटली. लोकांच्या डोक्यावरून ते असं सावकाश गेलं, की पंखावरच्या पट्ट्या मोजता याव्यात. आतून काकू दोन्ही हात वर करून ओरडत होती. आईने सगळा वेळ माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. कापड कुठेही फडफडलं नाही.

विमान थांबलं. काकू उतरली, केस पिंजारलेले. आई ताडताड चालत विमानापाशी गेली. मला वाटलं मिठी मारते. तिने पदराचं टोक कमरेला खोचलं, कप्तानकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धं मी शिवलंय. चला."

कार्यक्रम संपता संपता कप्तानने तिला नेलं. माझ्या आईला, जी शिडीवर चढताना देवाचं नाव घेते! काकूने तिचे पट्टे स्वतः आवळले, दोनदा ओढून पाहिले आणि मागे सरली. विमान उठलं, वळलं आणि उन्हात परत आलं. मी ढसाढसा रडत होते, सांगून टाकते. काकू खुर्चीवर चढली. मागून नेहमीप्रमाणे ओरडा झाला, "ओ बाई, खाली बसा!"

"नाही बसणार!" काकू त्यांच्याकडे वळून गरजली. "वर बघा! माझी जाऊ आहे ती! माझी जाऊ!"

शेजारच्या एका अनोळखी बाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग तिच्या मागच्यांनी, आणि मग कुणी कुणाला विचारलंच नाही की ही जाऊ कुणाची.