पिवळी न झालेली नळी

इथले गूढ अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसते. मी मूळची इंदापूरची. आमच्या घरात कुणी ‘नजर लागली’ म्हणालं की वडील लगेच विचारायचे, “पुरावा काय?” आजोबांनी बाबासाहेबांच्या पाठोपाठ धम्म स्वीकारला, तेव्हापासून भूत, करणी, अंगारा यांना आमच्या घराचा दरवाजा बंद. शिकलेही बायोकेमिस्ट्री. गेली अकरा वर्षं बारामतीत एका खाजगी लॅबमध्ये काम करते आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

लासुर्ण्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आम्ही तपासणी शिबिर घेतलं होतं. कीटकनाशक अंगात भिनलं की रक्तातलं एक एन्झाइम बंद पडतं – कोलिनेस्टरेज. ते मोजायची पद्धत सोपी आहे. रक्त यंत्रात गरगर फिरवून वर येणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, घ्यायचं, त्यात रसायन घालायचं आणि रंग बघायचा; मशीन त्या रंगाचा आकडा देतं. एन्झाइम जागेवर असेल तर नळी बघता बघता लिंबासारखी पिवळीधमक होते. विषबाधा असेल तर रंग चढतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा नमुने लावले. पंधरा नळ्या पिवळ्या झाल्या. शिबिरात आलेल्या शंकरतात्यांची नळी मात्र पाण्यासारखी नितळ.

आधी वाटलं, रसायन घालायचं राहिलं असेल. पुन्हा केलं. नितळ. रसायनाची नवी बाटली फोडली आणि माझी सहकारी नीलिमा हिला म्हटलं, “तू कर, मी हात लावत नाही.” तिनं केलं. तिसऱ्यांदाही तेच. पद्धत बरोबर चालते का ते तपासायला ठेवलेला ठरावीक नमुना शेजारीच व्यवस्थित पिवळा झाला होता.

“अगं, हा माणूस आयसीयूत असायला हवा,” नीलिमा म्हणाली.

आदल्या दिवशी तर तात्या माझ्याशी हसून बोलले होते. साठीचा काटक माणूस, डाळिंबाची बाग, सुई टोचताना तोंड फिरवून घेतलं म्हणून बायकोनं चिडवलेलं. मी फोन लावला. तो त्यांच्या बायकोनं, कमलकाकूंनी उचलला.

“तात्या कुठं आहेत?”

“हे काय, बागंत. फवारणीचा पंप भरत्यात. का वो ताई?”

“त्यांना पंप खाली ठेवायला सांगा. आत्ताच्या आत्ता.”

तात्यांनी फोन घेतला. “ताई, मी ठणठणीत हाय. चार ओळी मारतो अन् दुपारी येतो की.”

“एकही ओळ मारायची नाही. तुमच्या रक्तात औषध दिसतंय मला. निघा.”

एवढ्या ठामपणे मी पेशंटशी कधी बोलत नाही. शेवटी काकूंनीच त्यांना मोटारसायकलवर बसवलं.

तासाभरात दोघं लॅबमध्ये आले. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, छाती, सगळं तपासलं. काही नाही! मी नवीन रक्त घेऊन लावलं, तर अर्ध्या मिनिटात पिवळं. अगदी तरण्या माणसाचं असावं तसं.

तात्या वैतागले. “अर्धा दिस गेला ना माजा! तुमचं मशीन बिघडलंय, ताई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘सॉरी’ म्हणाले आणि सकाळचंच उरलेलं सीरम चौथ्यांदा लावलं. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. दीर होते, नामदेवराव. आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

“वहिनी, दादा कसाय? आगं, त्यो बांधावरचा पंप उचलाय गेलो, तर बूडच सुटलं त्याचं. समदं औषध सांडलं. बरं झालं, त्याच्या पाठीवर न्हवता.”

काकूंनी फोन ठेवला. “ह्यांनी आज दुप्पट घातलं हुतं,” त्या म्हणाल्या. “किडं मरंनात म्हणून. अंगात सदरा बी न्हवता.”

तात्या नुसते स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवत राहिले.

आणि नीलिमानं मला कोपरानं ढोसलं. सकाळचं सीरम, तीच नळी, तेच लेबल, आणि रंग पिवळाधमक.

नंतर मी शक्य ते सगळं तपासलं. नमुन्यांची अदलाबदल? मग सीरम तेच असताना निकाल का बदलला? रसायन खराब? मग बाकीचे पंधरा कसे बरोबर आले? मशीनची चूक? रंग तर आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिला होता. पंप फुटणं हा योगायोग असेल, मी मान्य करते. पण नळीचं काय?

मी अजूनही या गोष्टी मानत नाही. कुणी ‘दैवी संकेत’ म्हणालं तर आजही वाद घालीन. तात्यांनासुद्धा जाताना एवढंच सांगितलं, की सदरा घालायचा, हातमोजे घालायचे, औषध मापात. ते मुकाट्यानं “व्हय” म्हणाले.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. सकाळचे तीन आकडे खोडले असते तर कुणीच काही विचारलं नसतं. नीलिमाही तेच म्हणाली. पण मी सगळे आकडे लिहिले, आम्ही दोघींनी सह्या केल्या, आणि ‘कारण’ या रकान्यात अकरा वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं – माहीत नाही.