कूलरवाल्याचा उतरलेला ताप

ताप चढला की सगळ्याच आया काळजी करतात. आमच्या धाकट्याचा ताप आज उतरला, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. घरात हे बोलायची सोय नाही. ह्यांनी बातमी ऐकली, "सुटलो बुवा, आता सकाळी बघू," म्हणाले आणि आडवे झाले. घोर मला आणि घोरणं त्यांना, ही वाटणी आमच्याकडे लग्नापासूनच आहे.

धाकटा कूलर दुरुस्त करतो. लहानपणी गरगर फिरणारं काही दिसलं की हा तिथे चिकटलाच, म्हणून घरात त्याचं नाव भिरभिऱ्या. एकदा टेबलफॅन पार उघडून ठेवला. मी ओरडले, तर परत जोडला आणि वर दोन स्क्रू उरले.

"आई, कंपनीनेच जास्तीचे लावले होते."

तो पंखा अजून चालतो. कॉलेजात घातला, तर तिथे शिकवलेल्यापेक्षा वर्गातला पंखाच त्याला जास्त कळला. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे राहायची खोली. सून गिऱ्हाइकांचे फोन ऐकून घेते, नवऱ्याचे नखरे मात्र अजिबात ऐकून घेत नाही.

पूर्वी त्याच्या धंद्याला काही शिस्त होती. पाऊस स्थिरावला की लोक कूलर धुऊन, चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकायचे, आणि हा थंडीभर मोटारी नि पंप सुधारत बसायचा. आता पाऊस जातो न जातो तोच, विसरलेली छत्री न्यायला यावं तसा उन्हाळा परत येतो आणि मुक्कामच ठोकतो. थंडी यंदा दारातून डोकावून गेली, आत काही आली नाही. मग कूलर चालूच. लोक वरून पाणी ओततात, खालचं जुनं काढत नाहीत. भिरभिऱ्या झाकण उघडतो तर आत डासांच्या अळ्यांची ही वळवळ!

"काकू, बालवाडी जोरात आहे. प्रवेश अजून चालू आहेत का?" तो गिऱ्हाइकाला विचारतो.

"चहाटळपणा पुरे. हवा गार का येत नाही ते बघ."

तो आधी टाकी ओतून टाकतो आणि तारेच्या घासणीने तिच्या कडा घासतो. डासांची अंडी म्हणे कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने राहतात आणि पाणी चढलं की जागी होतात. "सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी," तो म्हणतो. "हलायचं नावच घेत नाहीत."

हे डास चावतात दिवसाढवळ्या आणि ह्याचं डोकं दिवसभर टाकीत. व्हायचं तेच झालं, पोरगं तापाने फणफणलं. मी धावत गेले. रक्त तपासलं तर डेंग्यू.

"या दिवसांत पूर्वी मी दवाखान्यात निवांत पेपर वाचायचो," डॉक्टर म्हणाले. "आता रात्रीसुद्धा उकडतं. उकाड्यात डास भराभर वाढतात आणि त्यांच्या अंगातला विषाणूही लवकर तयार होतो. थंडी पडली की हे आपोआप आटोक्यात यायचं." मग आवाज बदलून म्हणाले, "ताप उतरला की सुटलो असं समजू नका. खरं जपायचं ते तेव्हाच. पोट दुखलं, उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा."

मी शब्द न् शब्द पाठ केला. आमचा रुग्ण छताकडे बघत होता.

"डॉक्टर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

काल त्याने मला घरी पिटाळलं. म्हणे, "तू सारखी कपाळाला हात लावतेस, त्यानेच ताप वाढतो." आणि आज जेवणं आटोपल्यावर त्याचा फोन.

"आई, अंग एकदम गार!"

"गार काय, मेल्या? शुभ बोल. ताप उतरला म्हण."

"आमच्या धंद्यात गार पडलं की काम फत्ते. उद्या सकाळी एका गच्चीवर मोठा कूलर चढवायचाय."

"अरे, पण डॉक्टर काय म्हणाले होते?"

"त्यांना आधी पंखा दुरुस्त करू दे."

"जेवलास का?"

"नाही. पोट जरा दुखतंय. गोळ्यांनी असेल."

"उलटी?"

"एकदाच. म्हणजे दोनदा, पण दुसरी अगदीच किरकोळ होती."

मला हसू आलं. त्याच्याशी बोलताना ते येतंच. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तुझ्या सुनेला सांग, ब्रश कसला आणलाय! हिरड्यांतून रक्त काढलं त्याने."

मन शांत व्हावं म्हणून लिहायला बसले, तर झालं उलटंच. ऐकताना एकेक गोष्ट गंमत वाटली होती. गोळ्या, किरकोळ उलटी, कडक ब्रश. कागदावर एकाखाली एक उतरल्या आणि डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं समोर आलं.

त्याला फोन करण्यात अर्थ नाही. तो पुन्हा हसवेल आणि मी पुन्हा फसेन. सुनेला लावते. तिची झोपमोड झाली तर होऊ दे. ती हसणार नाही. त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेईल, आणि तो कुरकुरला तर सरळ दंडाला धरून.