काचेच्या नळ्यांचे मामा

आमच्या नगरच्या कॉलेजात प्रयोगशाळेतले मामा धुतलेली प्रत्येक परीक्षानळी खिडकीशी धरून, एक डोळा मिटून पाहत. आत थेंब अडकलेला दिसला की नळी पुन्हा साबणात. "थेंब अडला म्हंजे काच मळकी." प्लॅस्टिकच्या नळ्यांचा त्यांना तिटकारा होता. "वापरून फेकायला ती काय पत्रावळ हाय व्हय?"

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा अर्धा भार त्यांच्यावरच होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक पेप्टाइड, म्हणजे छोटंसं प्रथिन, निघतं, ते मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडू लागतात. शेळीच्या याच ग्रंथीतल्या पेशींवर मला हे दाखवायचं होतं. मामा सकाळीच खाटकाकडून त्या छोट्या गाठी बर्फाच्या थर्मासात घेऊन येत. खाटीक चिडवायचा, "मामा, मटन सोडून गाठीचं कालवण करता काय?" मामा म्हणायचे, "आमच्या ताईंची परीक्षा हाय हिच्यात. बेतानं काप."

प्रयोग दोनदा फसला. पेप्टाइड घालूनही पेशी ढिम्म. सर म्हणाले, "आता पेप्टाइड एकदाच पुरेल एवढं उरलंय. नाही जमलं तर विषय बदल." विषय बदलणं म्हणजे वर्ष वाया. माझ्या स्वतःच्या अॅड्रिनल ग्रंथी मात्र चोख चालल्या होत्या. तळहात सतत ओले.

मग एका जुन्या लेखात वाचलं : पातळ केलेलं पेप्टाइड काचेला चिकटून बसतं, प्लॅस्टिकच्या नळ्या वापराव्यात. मामा माझ्यासाठी वेगळ्या काढून, पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवत, त्याच नळ्यांत मी ते दोन्ही वेळा पातळ केलं होतं. प्लॅस्टिकच्या नळ्यांचं पाकीट कपाटात होतं. पहिल्याच वेळी त्या वापराव्यात असं वाटलं होतं, पण मामांकडे मागायचा धीर झाला नव्हता.

आताही तीन दिवस गप्प राहिले. शेवटी प्रयोगाच्या आदल्या दुपारी म्हणाले, "मामा, उद्या प्लॅस्टिकच्या नळ्या चालतील?"

"का? घान ऱ्हायली का कुठं?"

"नाही, नाही. ते औषध काचेला चिकटतं. पेशींपर्यंत पोचतच नाही."

हातातली नळी त्यांनी हळूच स्टँडमध्ये ठेवली. "मंग दोन्ही बारीला तुमचं काम म्याच बुडवलं म्हना."

"नाही" म्हणायला हवं होतं. मी नुसती वहीत पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले, गाठी आणल्या, पाकीट पुढ्यात ठेवलं आणि फडक्यात बांधलेल्या नळ्या उचलून कपाटात ठेवल्या. त्याच आठवड्यात ते निवृत्त होऊन आपल्या गावी, खर्ड्याला गेले. कॉर्टिसॉलचे आकडे त्यानंतर आले. पेप्टाइड घातलेल्या पेशींत ते कितीतरी पटींनी वाढलेलं होतं.

मला फोन करायची भीती वाटत होती. दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा त्यांनीच उलटा फोन केला.

"वाढलं का वो ताई?"

"वाढलं. मामा, चूक तुमची नव्हती. मी विचारायला, सांगायला घाबरले."

पलीकडे शेळ्यांची बें-बें चालली होती.

"म्या काय खाल्लं असतं का तुमाला?" मग आवाज मऊ झाला. "बरं, आता माज्या जागी नवा मानूस येईल, त्यो बी पोरांना काचच दील. त्याला पैल्याच दिवशी सांगा. गप बसू नका."

नवा माणूस सोमवारी आला. मी दारातच त्याला गाठलं. "पेप्टाइडला काच नको, प्लॅस्टिकच्याच नळ्या द्या," त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं.