बर्फाला घाम फुटेपर्यंत

सकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या लोखंडी टेबलावर बर्फाचे चार चपटे निळे डबे मांडलेले होते आणि टोचणीबाई खुर्चीत बसून त्यांना घाम फुटायची वाट बघत होती. फ्रीजरमधून काढलेला डबा पांढरा, कोरडा, बोटाला चिकटणारा असतो. अर्ध्या तासाने त्याच्यावर थेंब जमतात, आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळतं. मगच तो लशीच्या पेटीत ठेवायचा. आधी ठेवला तर त्याला टेकलेली बाटली गोठते. लाळ-खुरकुताची लस उन्हात बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठली तरी ती तितकीच वाया जाते, हे फार थोड्यांना.

ती बावन्न वर्षांची. पद लसटोचक, नोकरी तेवीस वर्षं. टोचणीबाई हे नाव गोठेवाल्यांनी ठेवलेलं, आणि त्यात सुईपेक्षा तिच्या जिभेचा वाटा मोठा आहे असं तिचा नवरा म्हणतो. नवरा शिंपी. "आमचं घर सुईवरच चालतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो, "फरक एवढाच, माझं गिऱ्हाईक लाथ मारत नाही."

मोहीम संपायला दोन दिवस उरले होते. सरकारी हुकमाप्रमाणे भागातल्या एक हजार एकशे चाळीस गाई-म्हशींना लस टोचायची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर फोनमध्ये भरायचा, आणि मालकाच्या मोबाइलवर येणारा सहा अंकी आकडा विचारून नोंद पक्की करायची. साहेबांच्या फळ्यावर एक हजार अठ्ठ्याण्णव झाली होती. उरली बेचाळीस. ती सगळी एकाच फाटकामागे होती, आणि त्या फाटकाच्या मालकाला सगळे नाहीबुवा म्हणत.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या गोठ्यातली एकोणतीस जनावरं टोचणीबाईनेच टोचली होती. महिन्याभरात सगळा गोठा लाळ गाळायला लागला. जिभेवर फोड, खुरांत जखमा, गाई एका जागी उभ्या राहून पाय झाडायच्या. दोन वासरं गेली. "पाणी टोचून गेलीस," नाहीबुवा भर रस्त्यात म्हणाला होता, आणि ती त्याच्याशी तावातावाने भांडली होती. वर्षभराने एका प्रशिक्षणात तिने बर्फाच्या घामाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली आणि जागच्या जागी तिला तो दिवस आठवला. ऊन फार होतं, म्हणून तिने कोरडे डबे थेट बाटल्यांना लावले होते. जितकं थंड तितकं चांगलं, अशी तेव्हा तिची समजूत.

परत आल्यावर ती त्याच्या फाटकाशी गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "बाबा, चूक माझी होती." फाटक उघडलं नाही. पुढच्या मोहिमेतही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. या वेळी मात्र नाहीबुवाने सुनेकरवी निरोप धाडला: ये, पण आधी बाटली मला दाखवायची.

पावणेसहाला डब्यांना घाम फुटला. दवाखान्यातली ट्यूब चार दिवसांपासून लुकलुकत होती. त्या उजेडात तिने फ्रीजवरच्या तक्त्याकडे ओझरतं पाहिलं. सकाळ चार, संध्याकाळ चार, रोजचा पारा चारवर. कालचा दिवस ती जिल्ह्याच्या कार्यालयात अहवाल द्यायला गेली होती आणि तिच्या जागी दवाखान्याच्या परिचराने आठ गोठ्यांत मिळून एकशे सोळा जनावरं टोचली होती. कालचाही पारा चारच. तिने फ्रीजमधल्या उरलेल्या सहाही बाटल्या पेटीत भरल्या आणि निघाली.

नाहीबुवाच्या गोठ्यात धारा आटपल्या होत्या. बेचाळीसही जनावरं दावणीला होती, फरशी धुतलेली. सून बादल्या उपडी करत होती. नाहीबुवा सत्तरीचा, पाठीने वाकलेला, आवाजाने नाही.

"दाखव," तो म्हणाला.

तिने बाटली काढली, हलवली आणि छपराच्या कडेने येणाऱ्या उजेडात धरली. चांगली लस दुधासारखी एकजीव असते. ही मिनिटभरात फाटली. खाली पाण्यासारखा निवळ थर, वर तेलकट पांढरा. तिने दुसरी काढली, तिसरी काढली. सहाही तशाच.

तिने तिथेच उभं राहून परिचराला फोन लावला.

"फ्रीजचं बटण कुणी फिरवलं?"

"मीच, बाई. परवा दिवसा पाहणीवाले यायचे होते ना. दार सारखं उघडून पाऱ्याचा काटा आठवर गेला होता. म्हटलं, अब्रू जायला नको, म्हणून सकाळीच बटण सातवर नेलं. अगदी बर्फासारखं केलं. संध्याकाळी परत तीनवर आणून ठेवलं. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"बाटल्यांना कळलं. आणि तक्त्यावर चार कसं?"

"तक्ता मी महिन्याचा एकदमच भरतो. रोज कोण उठबस करणार?"

तिने फोन खिशात टाकला. "बाबा, ही लस मी टोचणार नाही."

नाहीबुवाने तिच्या हातातली बाटली घेऊन स्वतः उजेडात धरली. "तीन वर्षं मी नाही म्हणतोय. आज मी हो म्हटलं, तर तू नाही म्हणतेस?"

सुनेने तोंडावर पदर धरला.

"टोचली असती तर मला कळलं असतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुझ्या साहेबाला?"

"त्यांना तर नाहीच नाही."

"मग?"

"मागच्या वेळी मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

नाहीबुवाने एका गाईच्या पाठीवरची माशी उडवली. "जनावरांचा बाजार तेवीस दिवसांवर आलाय. सगळ्या मुलखाची जनावरं इथून जाणार. सगळा रोग माझ्या फाटकावरून जाणार."

"लस अंगात मुरायला तीन आठवडे लागतात. उद्या टोचली तर पुरेल. परवा टोचली तर काठावर."

"आणि कालची? शेजाऱ्याची अठरा काल टोचलीत तुमच्या माणसाने."

तिने सहाही बाटल्या पेटीत परत ठेवल्या. हे त्याच्या आधी तिच्या डोक्यात आलं होतं.

साहेब म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, पस्तिशीचे, हुशार, टेबल नेहमी स्वच्छ. तिने परत येऊन पुढ्यात ठेवलेली एक बाटली त्यांनी हलवून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. दोन थर त्यांनाही दिसले.

"थोडीफार ताकद असेलच की, बाई."

"नासलेलं दूध थोडंफार दूध म्हणून आपण विकतो का, साहेब?"

"मी कुठे नाकारतोय? पण एकशे सोळा जनावरांची नोंद वर गेलीय. आता ती खोडायची म्हणजे शहाण्णव टक्क्यांवरून शहाऐंशीवर. उद्या मला काय विचारतील?"

"का गोठली ते विचारतील. सांगू."

"पुढच्या मोहिमेत नीट टोचू. सहा महिन्यांचा तर प्रश्न."

"बाजार तेवीस दिवसांवर आहे."

साहेबांनी फोन उचलला. बेचाळीस बिल्ल्यांचे नंबर जुन्या यादीत होतेच. त्यांनी ते भरले आणि नाहीबुवाला फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण दुसऱ्या हाताने ते फळ्यावर खडू धरून उभे होते.

"बाबा, तुमच्या मोबाइलवर सहा अंकी आकडा आला असेल. तेवढा वाचून दाखवा."

"कसला आकडा?"

"जनावरं टोचल्याचा."

"टोचली?"

"टोचतीलच हो दोन दिवसांत. आधी नोंद करून घेऊ."

"नाही."

"बाबा, सरकारी काम आहे."

"तेच म्हणतोय. चष्मा लावलाय, सहाही अंक स्वच्छ दिसताहेत. नाही."

फोन बंद झाला. दारात उभ्या परिचराला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. साहेबांच्या हातातला खडू फळ्यापर्यंत पोचलाच नाही.

टोचणीबाईने रजिस्टर ओढलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: लस गोठून खराब. सहा बाटल्या बाजूला काढल्या. काल टोचलेली एकशे सोळा जनावरं पुन्हा टोचणे. खाली सही, तारीख, वेळ दहा पंचवीस.

"हे काय केलंत?"

"शाईने लिहिलंय, साहेब. खोडायचं तर खोडा. पण खोडलं की खोडल्याचं दिसतं."

"अशाने लांब बदली होईल तुमची."

"तिकडच्या जनावरांनाही टोचायला माना असतीलच ना?"

साहेब खुर्चीत बसले. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते तिने मग हळू आवाजात सांगितलं: लस खराब झाल्याचा अहवाल सहीनिशी वर गेला, तर त्या केंद्राला मोहिमेचे चार दिवस वाढवून मिळतात. परिपत्रक त्यांच्याच कपाटात, डावीकडून तिसऱ्या फाइलमध्ये होतं. साहेबांनी ते काढलं, दोनदा वाचलं. बारा वाजून पाच मिनिटांनी सही केली.

"याची नोंद तुमच्या फाइलला राहील, बाई."

"राहू द्या. खरी नोंद राहिली तर बिघडत नाही."

त्यानंतर तिने परिचराला बरोबर घेतलं आणि कालचे आठही गोठे पालथे घातले. ते काम सहीपेक्षा अवघड गेलं. "सरकारची सुईसुद्धा हप्त्याने येते का?" एकाने विचारलं. एका बाईने परिचराला दारातच उभं केलं. "काल तर म्हणालास, आता सहा महिने निर्धास्त झोपा!" परिचर टोचणीबाईच्या पाठीमागे सरकला. तिने त्याला दंडाला धरून पुढे आणलं. "तूच सांग. बटण तू फिरवलंस, तोंडही तूच उघड." पहिल्या गोठ्यात तो अडखळला. आठव्यात त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं, बटणाच्या आकड्यासकट.

आठांपैकी सात जणांनी पुन्हा या म्हटलं. आठवा होता नाहीबुवाचा शेजारी, अठरा जनावरांचा धनी. तो म्हणाला, आधी नाहीबुवाच्या गाई टोचून दाखवा, मग माझ्याकडे वळा. तीन वर्षं ज्याचं नाव लोकांना लस नाकारायला पुरत होतं, त्याच्या फाटकावर आता लस घ्यायची की नाही ते ठरणार होतं.

नवऱ्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि स्कूटर काढली. जिल्ह्याच्या भांडारातून तिने चार बाटल्या घेतल्या, दोनशे जनावरांपुरत्या. प्रत्येक बाटली हलवून खिडकीशी धरली. भांडारवाला वैतागला. "बाई, सोनं घेताय का?"

"सोनं गोठलं तर बिघडत नाही," ती म्हणाली आणि चौथीही हलवली.

परतीच्या वाटेवर पेटी तिच्या मांडीवर होती. नवरा म्हणाला, "शिवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ उसवून परत शिवायला लागतो."

"तुझं कापड लाथ तरी मारत नाही."

"गिऱ्हाईक मारत नाही म्हटलं होतं. कापडाचं मी काही बोललो नव्हतो."

दवाखान्यात आल्यावर तिने बाटल्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवल्या. बटण तीनवर होतं. त्याच्यावर नवऱ्याच्या जाड दोऱ्याचे सहा वेढे घातले आणि गाठ मारली. मग तक्ता उतरवला. महिन्याचे उरलेले अकरा दिवस चाराच्या आकड्याने भरलेले होते, उद्याची सकाळ आणि उद्याची संध्याकाळ धरून. तिने बावीसही चौकटींवर आडवी रेघ मारली, शेजारी कोरा तक्ता लावला आणि त्यात तारखा घातल्या. पारा घातला नाही.

बर्फाचे चार डबे फ्रीजरमध्ये गेले. नाहीबुवाच्या सुनेचा निरोप आला होता: धारा साडेपाचला आटपतात, गाई सातपर्यंत दावणीला राहतील, बाबा म्हणतात बाटली परत दाखवायची.

उद्याच्या सकाळचा रकाना कोरा आहे. तो पाच वाजून दहा मिनिटांनी, काटा पाहून भरला जाईल.